सध्या काय खेळायलास?

रांजणगाव शेणपुंजीत भाड्याच्या एका खोलीत चौघं राहतात असं समजा. चौघंही वाळूज एमआयडीसीत कामाला आणि चौघांच्याही मोबाइलमध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार. ‘कसाय रे गेम?’ म्हणून विचारलं तर पहिला म्हणतो, ‘लई भारी.’ दुसरा म्हणतो, ‘कशाचा भारी, नुसता लॅग मारायलाय.’ तिसऱ्याची तक्रार अशी की समोर सगळे बॉटच येतात, खेळायला मजा नाही. चौथ्याच्या मते हॅकरांनी गेमची पार वाट लावली. गेम एकच, अपडेटही चौघांनी एकाच दिवशी टाकलेलं, तरी चार तोंडांची चार मतं.

यांतलं कुणीच खोटं बोलत नाही. मोबाइलवरच्या आजच्या गेमबद्दल माणूस जे सांगतो, त्यात गेमबरोबर त्याचा फोन, त्याचं नेटवर्क, त्याची पाळी, त्याचे सोबती आणि त्याचा खिसाही बोलत असतो. प्ले स्टोअरवर हे सगळं एकाच तारांकनात कोंबलं जातं आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. चौघांच्या बोलण्यातला एकेक धागा सोडवून पाहिला, तर गेम आतून कसा चालतो हेही कळतं आणि खेळणारा कसा जगतो हेही.

कॅसेटच्या काळात

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम गल्लीत एखाद्याच्याच घरी असायचा. कॅसेट घालायची आणि मारिओ नाहीतर काँट्रा लावायचा. जपानच्या कोनामी कंपनीचा काँट्रा औरंगाबादेत जसा चालायचा तसाच नागपुरात. शत्रू त्याच जागी उभा, त्याच क्षणी उडी मारणार. सगळ्यांना एकच खेळ मिळत असल्यामुळे त्याच्यावर बोलणं म्हणजे त्यातली गुपितं एकमेकांना सांगणं. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग बी आणि ए दाबलं की तीनाचे तीस जीव होतात, ही बातमी कुठल्याही जाहिरातीशिवाय गावोगाव पोहोचली होती.

पुढे नेट कॅफे आले. २००२ साली निघालेल्या ‘वाइस सिटी’चे चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असत. ‘पँझर’ टाइप केलं की रस्त्यात रणगाडा उभा राही. ‘क्रिकेट ०७’ हा ईए स्पोर्ट्सचा गेम तर २००६ मध्ये आला आणि नवे संघ, नव्या जर्सी टाकून पोरं तो पुढे कित्येक वर्षं खेळत राहिली. कॅफेतला संगणक जुना असेल तर गेम अडकायचा, पण तो सगळ्यांसाठीच अडकायचा.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटलं. त्याच वर्षी नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ आला होता. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. या गेमची खरी सूत्रं दूरच्या सर्व्हरवर असतात, आपल्या हातात त्याचं फक्त एक टोक असतं. त्यामुळे एकाच नावाचा गेम प्रत्येकाच्या हातात वेगळा चालू लागला, आणि त्याबद्दलची मतंही फुटली.

‘लॅग मारायलाय’ म्हणजे काय?

आधी दुसऱ्याची तक्रार घेऊ. आपण गोळी झाडली की ती बातमी फोनमधून टॉवरला, तिथून केबलनं सर्व्हरला जाते आणि सर्व्हरचं उत्तर परत येतं. या जाण्यायेण्याच्या वेळेला पिंग म्हणतात आणि ती मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वाळूजहून मुंबई रस्त्यानं साधारण साडेतीनशे किलोमीटर आहे. सर्व्हर मुंबईत असेल आणि केबल तेवढीच लांब धरली, तर जाऊन यायला साडेतीन मिलिसेकंद पुरतील. सिंगापूर इथून सरळ रेषेत सुमारे पावणेचार हजार किलोमीटर. सर्व्हर तिथे असला तर सदतीस-अडतीस मिलिसेकंद तर लागणारच. कितीही महागडा रिचार्ज मारला तरी त्याखाली पिंग उतरणार नाही, कारण तिथे प्रकाशाचा वेग आडवा येतो.

पण मुंबईच्या सर्व्हरचीही पिंग पडद्यावर साडेतीन कधी दिसत नाही. उशीर होतो तो बहुतेक शेवटच्या टप्प्यात, फोन आणि टॉवर यांच्या मध्ये. एका टॉवरवर जेवढे फोन लागलेले, तेवढ्यांना तो आळीपाळीनं वेळ देतो. कामगार वस्तीत सगळे एकाच वेळी घरी येतात. कुणी रील बघतोय, कुणी गावाकडे व्हिडिओ कॉल लावलाय, कुणी मॅच पाहतोय. त्या गर्दीत आपल्या गोळीची बातमी रांगेत थांबते. म्हणून दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा परतलेल्या माणसाला जो गेम लोण्यासारखा चालतो, तोच पहिल्या पाळीवाल्याला रात्री नऊला रडकुंडीला आणतो.

त्यातही नुसती पिंग जास्त असणं एवढं वाईट नाही. कंपनीची बस रोज न चुकता दहा मिनिटं उशिरा येत असेल, तर माणूस दहा मिनिटं उशिरा निघायला शिकतो. आज वेळेवर आणि उद्या अर्धा तास उशिरा असं झालं की हाल होतात. पिंगचं तसंच. कायम ऐंशी असेल तर हाताला सवय होते. क्षणात तीस, क्षणात दोनशे झाली की समोरचा माणूस इथून तिथे उड्या मारताना दिसतो. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि ‘लॅग’ म्हणून जी ओरड होते तिच्यात त्याचा वाटा मोठा असतो.

चालत्या वाहनात हा त्रास वाढतो. नगर रोडनं बस धावत असताना फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो, आणि त्या अदलाबदलीत थोडी माहिती उशिरा पोहोचते नाहीतर हरवते. नेमबाजीच्या गेममध्ये तेवढ्यात आपला मुडदा पडलेला असतो. लुडोत मात्र फासा टाकून आपण वाट बघतच बसलेलो असतो, त्यामुळे अर्धा सेकंद इकडेतिकडे झालेला कळतही नाही. बसमध्ये लुडो आणि खोलीवर बीजीएमआय ही वाटणी या हिशेबाला धरूनच आहे.

लॅगचा दुसरा प्रकार नेटवर्कचा नसतोच. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठदा बदलायचं असेल तर प्रत्येक चित्र तयार करायला प्रोसेसरला १६.७ मिलिसेकंद मिळतात. नव्वददा बदलायचं तर ११.१. या मेहनतीत प्रोसेसर तापतो. संगणकात पंखा असतो, बहुतेक फोनांमध्ये नसतो. फोनची उष्णता काच आणि पाठीतूनच बाहेर पडते. ती बाहेर पडायला भोवतालची हवा गार हवी. ॲपल कंपनी आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा म्हणून सांगते. मे महिन्यात इकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि वर पत्रे असलेल्या खोलीत त्याहून जास्त उकडतं. फोन जास्त तापला की जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. साठाचे तीस होतात, बोट फिरवलं की बंदूक मागून फिरते. त्यात चार्जिंगला लावून खेळलं तर बॅटरीची उष्णता वेगळी. जानेवारीत ‘एक नंबर’ वाटलेला गेम मेमध्ये ‘भंगार’ वाटतो तो असा. गेम तोच असतो, ऋतू बदललेला असतो.

अडकतो तेव्हा पिंगचा आकडा लाल झालाय का ते पाहावं. लाल असेल तर दोष नेटवर्कचा. आकडा हिरवा असून चित्र अडखळत असेल तर फोन दमलाय. ग्राफिक्स ‘स्मूद’वर आणावं, फोनचं कव्हर काढावं आणि चार्जर बाजूला ठेवावा.

बॉट आणि हॅकर

आता तिसरा. बीजीएमआयच्या एरँगल या आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद नकाशावर शंभर जण उतरतात. दरवेळी शंभर खरी माणसं, तीही साधारण एकाच ताकदीची, काही सेकंदांत गोळा करणं अवघड. म्हणून खालच्या पायऱ्यांवर बऱ्याच जागा संगणकानं चालवलेल्या खेळाडूंनी भरतात. तेच बॉट. त्यामागे दुसरा हिशेबही असतो. नवा माणूस पहिल्याच दिवशी दहादा मेला तर गेम काढून टाकेल. चार-पाच बॉट मारले की त्याला वाटतं, आपल्याला जमतंय. रँक वाढली की बॉट कमी होतात आणि खरी माणसं येतात. ‘नुसते बॉट येतात’ या तक्रारीचा अर्थ बहुतेकदा इतकाच की गडी अजून खालच्या पायरीवर आहे, किंवा बऱ्याच दिवसांनी परत आलाय.

चौथ्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. हॅकर असतात, यात शंका नाही. भिंतीआडचा माणूस दाखवणारी, नेम आपोआप लावणारी सॉफ्टवेअर विकली जातात आणि कंपन्या अशा आयडी बंदही करतात. पण ‘मी भिंतीमागे गेलो होतो, तरी मारलं’ या वाक्यामागे नेहमी हॅकर असतोच असं नाही. समोरच्याची पिंग शंभर असेल तर त्याला आपण जिथे दिसतो, तिथून आपण केव्हाच पुढे सरकलेलो असतो. त्यानं नेम बरोबर धरला, तरी त्याची गोळी वाया घालवायची का? यावर सर्व्हर थोडा काळ मागे जातो आणि गोळी झाडली त्या क्षणी झाडणाऱ्याला काय दिसत होतं ते तपासतो. त्याला आपण दिसत होतो, म्हणून आपण मेलो. ‘हाफ-लाइफ’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ बनवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीचे याह्न बर्नियर यांनी २००१ साली ही पद्धत सविस्तर मांडली. नेमबाजीच्या अनेक ऑनलाइन गेममध्ये तिचं कुठलं ना कुठलं रूप असतं. तिच्यात झाडणाऱ्याला न्याय मिळतो आणि लपणाऱ्यावर थोडा अन्याय होतो. दोघांचं एकदम समाधान करणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

असाच संशय लुडोवरही असतो. ‘फासा सेट आहे, मला सहा पडूच देत नाही.’ जरा आकडेमोड करू. फासा अगदी सरळ असला तरी एका टाकीत सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. लागोपाठ दहा टाकींत एकदाही सहा न पडण्याची शक्यता निघते सुमारे १६ टक्के. एकट्यापुरती ती कमी वाटते. पण पटावर चौघं बसलेत. चौघांपैकी निदान एकाला पहिल्या दहा टाकींत सहा न मिळण्याची शक्यता होते पन्नास टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे चौघांच्या साधारण दर दुसऱ्या डावात कुणीतरी एक जण दहा टाकी होईपर्यंत घरातच सोंगट्या धरून बसणार आणि बाकीचे त्याच्यावर हसणार. ज्याच्या वाट्याला ते आलं त्याच्या तो डाव वर्षभर लक्षात राहतो. लवकर सहा पडलेले डाव कुणी लक्षात ठेवत नाही. एवढ्यानं प्रत्येक ॲपचा फासा प्रामाणिक ठरत नाही, पण एका फजितीवरून तो लबाडही ठरत नाही.

अर्ध्या तासाची सुट्टी

पाळीत बसेल असा गेम निवडणं हाही अभिप्रायच. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले आणि गंगापूर तालुक्यातल्या या गावाचं घड्याळ पाळ्यांवर चालू लागलं. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नसे, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. त्या अर्ध्या तासात हात धुणं, रांग, जेवण आणि चहा. मोबाइल लॉकरमधून काढायची मुभा असली तरी हातात दहा मिनिटं उरतात. एरँगलची पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते. ‘फ्री फायर’मध्ये पन्नासच खेळाडू आणि डाव साधारण दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. शिवाय तो कमी ताकदीच्या फोनवरही चालतो. बीजीएमआयवाले फ्री फायरवाल्यांना पोरासोरांचा गेम म्हणून हिणवतात, पण ती निवड बऱ्याचदा घड्याळानं आणि फोनच्या किमतीनं केलेली असते.

खिशाचाही भाग आहे. बीजीएमआयचे यूसी आणि फ्री फायरचे डायमंड खऱ्या पैशानं मिळतात. त्यातून घेतलेले क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडले की आत काय निघेल ते नशिबावर. एखादी स्किन मिळण्याची शक्यता दर क्रेटला एक टक्का असेल, तर शंभर क्रेट उघडल्यावर ती मिळणारच असं लोक धरून चालतात. हिशेब सांगतो की शंभर उघडूनही ती न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. ठरावीक क्रेटनंतर वस्तू नक्की, अशी हमी काही गेममध्ये असते. ती आहे का, हे पैसे टाकण्याआधी वाचावं.

रोख पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या ॲपची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे व्यवहार यांवर त्यानं बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. शिक्षा आहे ती चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. ड्रीम ११ नं त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तेव्हा कुणी ‘भारी ॲप आहे, दोन हजार सुटले’ असं सांगत आला, तर किती गेले हेही विचारून घ्यावं. ते आपणहून कुणी सांगत नाही.

पहिल्याला ‘भारी’ का वाटतो?

पहिल्याचा फोन चांगला असेल, नेटवर्क सापडलं असेल. पण त्याच्या ‘भारी’मागे बहुधा माणसं आहेत. एमआयडीसीत येणारी पोरं जालना, बीड, परभणी, बुलढाण्यातली, कुणी बिहार-उत्तर प्रदेशातली. गावातला एक मित्र वाळूजला, एक चाकणला, एक अजून शेतात. बीजीएमआयचा स्क्वॉड चौघांचा असतो आणि माइक चालू असतो. ‘मागं ये, मला उठव, झोन यायलाय’ यांच्या मध्येमध्ये कापसाला काय भाव लागला आणि कुणाचं लग्न जमलं हेही होतं. सरळ फोन लावला तर दोन मिनिटांत विषय संपतो. मॅचमध्ये अर्धा तास सोबत जातो. लुडो किंगनं २०२० मध्ये, लोक घरात अडकले होते तेव्हा, बोलत खेळायची सोय दिली ती हे ओळखूनच. सोबती नसतील तर हाच गेम पहिल्यालाही कंटाळवाणा वाटेल.

म्हणूनच बंदी आली तेव्हा नुसता गेम गेला नाही, बैठक मोडली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. क्राफ्टन कंपनीनं जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावानं, हिरव्या रंगाच्या रक्तासह परत आणला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण ‘फ्री फायर मॅक्स’ राहिला आणि लोक जुन्याच आयडीनं तिकडे सरकले. यामुळे या गेमबद्दलच्या मताला तारीख लावावी लागते. नव्या अपडेटनं एखादी बंदूक हलकी होते, नकाशा बदलतो, मॅच लहान होते. काँट्राबद्दलचं मत तीस वर्षांनीही खरं आहे. बीजीएमआयबद्दलचं तीन महिन्यांत शिळं होतं.

काही गेमबद्दल इथे मत तयारच होत नाही, कारण ते हातातच पडत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. पण तो आधी कन्सोलवर आणि संगणकावर आला, त्यामुळे जगभर त्याची परीक्षणं झाली आणि दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या कामगार वस्तीत त्याचं नाव फारसं पोहोचलं नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं १६ ऑक्टोबर २०२४ ला ‘इंडस’ आणला तो मात्र मोबाइलवर, आणि बीजीएमआयच्याच मैदानात. भारतीय रूप पाहून पोरांनी तो उतरवून घेतला तरी पहिला प्रश्न नेहमीचाच येणार: ‘माझ्या फोनवर चालेल का?’ आणि दुसरा: ‘आपले सगळे त्याच्यावर येतील का?’ चार जणांचा स्क्वॉड जिथे आहे तिथून एकट्यानं उठायला कुणी तयार नसतं. नव्या गेमला जुन्या गेमपेक्षा सरस होऊन भागत नाही, अख्खी टोळी हलवावी लागते.

तेव्हा कुणी गेम चांगला की वाईट सांगितलं, की चार गोष्टी विचाराव्यात. फोन कोणता? खेळतोस केव्हा आणि कुठल्या नेटवर? पैसे टाकलेस का? सोबत कोण असतं? मग कळतं की दुसऱ्याला रात्री नऊऐवजी अकराला खेळून पाहायला हवं, तिसऱ्याला रँक चढवायला हवी, चौथ्यानं हॅकर म्हणण्याआधी पिंग बघायला हवी. आणि गेम नवा उतरवायचा असेल, तर आपल्यासारखाच फोन आणि आपलीच पाळी असलेल्या एका माणसाचं मत प्ले स्टोअरवरच्या लाखभर ताऱ्यांपेक्षा जास्त कामाचं.

घरच्यांनाही हे प्रश्न उपयोगी पडतील. ‘दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो’ म्हटलं की पोरगं तोंड फिरवतं. ‘सोबत कोण असतं रे?’ असं विचारलं तर ते त्या तिघांची नावं, गावं, कंपन्या आणि कुणाचा पगार थकलाय हेसुद्धा सांगून मोकळं होईल.